दू आणि तू

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातली माझी पहिली ईमेल लिहायला पाऊण तास लागला. मजकूर दोन ओळींचा, घोडं अडलं होतं मायन्यावर. 'रिस्पेक्टेड मॅडम' लिहिलं, खोडलं, 'डिअर प्रोफेसर' केलं, पुन्हा खोडलं. शेवटी दोन्ही लिहून पाठवलं. उत्तर दहा मिनिटांत आलं. वर 'हेय!' आणि खाली नुसतं नाव. आडनावसुद्धा नाही. बाई माझ्या आईपेक्षा मोठ्या!

इंग्रजीत निभावून जातं. 'यू'च्या पोटात तू, तुम्ही, आपण सगळे मावतात. पण संध्याकाळच्या स्वीडिश वर्गात 'दू' शिकवलं आणि माझी पंचाईत झाली. दू म्हणजे चक्क तू, उच्चारालाही जवळचा. प्राध्यापकांना दू, बस ड्रायव्हरला दू, दात काढणाऱ्या डॉक्टरला दू. सूट काय ती राजघराण्याला.

मला वाटायचं, ही माणसं पहिल्यापासून अशीच. तर तसं नाही. साठेक वर्षांपूर्वीपर्यंत इथे पदवीशिवाय पान हलत नसे. 'नी' हा 'तुम्ही'सारखा शब्द होता, पण तो वरच्यानं खालच्याला वापरायचा, म्हणून त्यात तुच्छतेचा वास. मग समोर बसलेल्या डॉक्टरलाच विचारायचं, "डॉक्टरांना कॉफी चालेल का?" पदवी माहीत नसेल तर वाक्य असं फिरवायचं, की कर्ताच गायब. हे वाचलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "साहेब चहा घेणार ना?" हे आपण साहेबांनाच विचारतो. आणि नव्या वहिनींना तू म्हणावं की तुम्ही, हे ठरेपर्यंत "जेवायचं ना?" यावर किती दिवस काढतो!

1967 मध्ये इथल्या सरकारी वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं, की मी सगळ्या कर्मचाऱ्यांना दू म्हणणार. वारं आधीच फिरलं होतं, पण नाव त्यांचं झालं. थोड्याच वर्षांत सगळा देश दूवर आला. सरकारी खात्यातून एवढी मोठी गोष्ट इतक्या पटकन झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

आमच्या विभागात रोज फिका असते, म्हणजे कॉफी, दालचिनीचा बन आणि गप्पा. सिंकवर चिठ्ठी आहे: 'तुझी आई इथे कामाला नाही.' बाई आपला कप विसळून, पुसून, कपाटात उपडा घालतात. पहिल्या आठवड्यात मी तो हातातून घ्यायला धावले होते. त्यांनी कप दिला नाही, फडकं दिलं. पुसायला.

परवा फिकेच्या वेळीच आईचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर बर्फाचा चिखल, तीनच्या आत अंधार, आणि बाई सायकलवरून नुकत्याच आलेल्या, कान लालबुंद. आईनं स्क्रीनमधून नमस्कार केला आणि म्हणाली, "त्यांना सांग, एवढ्या गारठ्यात कानटोपी घालत जा म्हणावं."

मी मोडक्या स्वीडिशमध्ये सांगितलं. दू म्हणून.

"काय म्हणाली गं ती?" आईनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, त्या?"