स्पीड ४८ येतोय ना, मग तक्रार कसली?

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो. घरच्या इंटरनेटची तक्रार केल्यावर टेक्निशियन घरी आला आणि "दादा, मोबाईलवर ओटीपी आला असेल तो सांगा" म्हणाला की लगेच सांगू नका. मी सांगितला. तो ओटीपी म्हणजे तक्रार मिटल्याची आपली कबुली असते हे मला तो बाईकला किक मारून गेल्यावर मेसेज आला तेव्हा कळलं.

मी देवगड तालुक्यात घरी बसून ठाण्याच्या एका ऑफिसचे हिशेब बघतो. व्हीपीएनने, म्हणजे नेटवरून ऑफिसपर्यंतच्या सुरक्षित खाजगी जोडणीने, ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडायचं आणि काम करायचं, बास. कनेक्शन दोन दिवसात मिळालं, वायर पोलावरून आमच्या फणसावर आणि तिथून पडवीत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मार्चमध्ये संध्याकाळी सात वाजले की व्हीपीएन मरायला लागला. यूट्यूब झकास, प्लॅनबरोबर फुकट मिळालेलं पिक्चरचं ॲप तर एकदम लोण्यासारखं, फक्त माझं काम बंद. शेजारचे काका म्हणाले, "माझ्याकडे मस्त चलता, तुझोच लॅपटॉप बिघडलो असतलो." म्हणून लॅपटॉप घेऊन मागे काजूपाशी गेलो, आमच्याकडे मोबाईलला रेंज तिथेच येते, तर हॉटस्पॉटवर तोच व्हीपीएन त्याच वेळेला नीट चालला. म्हणजे लॅपटॉप बरा आणि ऑफिसही बरं.

आता खरा छळ. ॲपमध्ये तक्रार करायची तर पर्याय तीनच, नेट बंद, स्पीड कमी, बिल. "बाकी सगळं चालतंय पण एकच गोष्ट चालत नाही" याला जागाच नाही. स्पीड कमी निवडलं की ते ॲप स्वतःच टेस्ट घेतं, ४८ एमबीपीएस दाखवतं आणि "आपली तक्रार सोडवली आहे, धन्यवाद". हे पाच वेळा झालं. कस्टमर केअरला फोन केला तर ते आमच्याच केबलवाल्याचा नंबर देतात, आणि केबलवाला म्हणतो भाऊ माझ्या हातात फक्त वायर आहे, बाकी सगळं वरून. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नाही. तो तरी काय करणार, लायसन्स कंपनीचं, हा नुसता फ्रँचायझी. शेवटी सुट्टी टाकून एसटीने नांदगावमार्गे कणकवलीच्या एरिया ऑफिसला गेलो, तिथल्या मुलीने अर्धा तास बसवलं आणि फोनवर स्पीड टेस्ट काढून दाखवा म्हणाली. कणकवलीत बसून माझ्या घरच्या वायफायची टेस्ट! मी हसलो, ती नाही हसली.

आणि मला मिळालेले सगळे नंबर निघाले सर्व्हिस रिक्वेस्टचे. ही मेख आहे बघा. ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत तक्रार वेगळी आणि सर्व्हिस रिक्वेस्ट वेगळी. प्लॅन बदलणं वगैरे ती रिक्वेस्ट, आणि अपील करायचं तर हातात तक्रारीचा डॉकेट नंबर हवा. माझं रडगाणं त्यांनी रिक्वेस्टमध्ये टाकून ठेवलेलं, म्हणजे अपिलाचा दरवाजाच बंद. अकरा दिवस मी फक्त त्या एका नंबरासाठी भांडलो. शेवटी फोनवर सरळ म्हणालो, "मॅडम, ही रिक्वेस्ट नाही, कंप्लेंट आहे, डॉकेट नंबर द्या, कॉल रेकॉर्ड होतोय ना?" आणि दिला की हो लगेच! अकरा दिवसांनी दोन मिनिटांत.

ट्रायकडे थेट जाऊन उपयोग नाही, ते ग्राहकाची वैयक्तिक तक्रार सोडवत नाहीत, कायद्यानेच त्यांचं ते काम नाही. आधी कंपनी, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण. अपिलाला फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. तेही जमलं नाही तर ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

माझी एक फजितीही सांगतो. पहिल्या मेलमध्ये मी ट्रायचा ८ फेब्रुवारी २०१६ चा नियम फेकला, दिवसाला ५० हजार दंड, जास्तीत जास्त ५० लाख वगैरे. फुशारकी होती जरा, कारण २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे नेटवर सगळ्या साइटना सारखंच वागवा म्हणून, ट्रायला जे दहा लाखांवर मेल गेले त्यातला एक माझा होता (नंतर ट्रायने ते मेल पत्त्यांसकट जाहीर केले, ते सोडा). पण तो २०१६ चा नियम दरांचा, म्हणजे एका साइटला स्वस्त आणि दुसरीला महाग असं करायचं नाही, फेसबुकचं ठराविक साइट फुकट देणारं फ्री बेसिक्स त्यातच गेलं. अडवणं, मुद्दाम मंद करणं हे २०१८ मध्ये लायसन्सच्या अटींत आलं. अपिलात ते दुरुस्त करून लिहिलं.

हां, आणि यूट्यूब चालतं म्हणजे भेदभावच असंही नाही. मोठ्या साइटचा माल कंपनीच्या नेटवर्कमध्येच जवळ साठवलेला असतो, आणि ट्रायने २०१७ च्या शिफारशींत तो प्रकार नियमाच्या बाहेरच ठेवलाय. स्पीड टेस्टचंही तेच, ॲप कंपनीचाच सर्व्हर धरतं. मी हाताने दुसरा सर्व्हर निवडला तर ४८ चे ६ झाले! हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर कणकवलीची एसटी वाचली असती. मी अपिलाला रोज रात्री नऊचे तीन स्क्रीनशॉट जोडले, कंपनीचा सर्व्हर, बाहेरचा सर्व्हर, हॉटस्पॉट, आणि सरळ विचारलं की व्हीपीएनच्या ट्रॅफिकवर काही मर्यादा लावलीय का, हो की नाही.

अपिलाच्या २६ व्या दिवशी मेसेज आला, "आवश्यक तांत्रिक बदल केले आहेत". त्या रात्री व्हीपीएन साडेअकरापर्यंत हलला नाही, खरं सांगतो, मी काम संपल्यावरही उगाच चालू ठेवून बघत बसलो. केबलवाल्याला विचारलं काय केलं रे, तर म्हणे, "वरसून कायतरी केल्यानी."

हो की नाही याचं उत्तर मात्र अजून आलेलं नाही. तेवढ्यासाठी परत मेल टाकलाय. उत्तरादाखल नंबर आलाय, सर्व्हिस रिक्वेस्टचा.