हिवाळ्यातला जांभळा

खान्देशातल्या हिवाळ्याचे रंग कोणालाही विचारा, उत्तरं ठरलेली. वेचणीचा पांढरा कापूस, तुरीचा पिवळा फुलोरा, दादर ज्वारीचं हिरवंगार शेत. आणि माझा आवडता रंग जांभळा, म्हणजे पंचाईतच ना. निदान वांगी तरी जांभळी असावीत, तर तेही नाही, आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते फिकट हिरव्या रंगासकट. पुण्याकडचे पाहुणे ती वांगी बघून कच्ची आहेत का विचारतात, मग पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजून, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचून, कळण्याच्या म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीसोबत ताटात आली की रंगाचा विषय कोणी काढत नाही.

पण जांभळा आहे. फक्त गुडघ्याच्या खाली आहे.

म्हणजे हरभऱ्यात. सकाळी नऊच्या आत जायचं, नाहीतर उन्हात सगळं फिकं दिसतं. लांबून शेत नुसतं हिरवं, उकिडवं बसलं की मग पानांच्या मधे नखाएवढी फुलं, जांभळट गुलाबी, वरच्या पाकळीवर अजून गडद बारीक शिरा, जशा पेनाने ओढल्यात. हे देशी हरभऱ्याचं हां, काबुली पेरला असेल तर फुलं पांढरी, त्या शेतात माझं काही काम नाही. फूल बघायला झाड हलवलं की दव हाताला लागतं आणि ते साधं पाणी नसतं, पानांवरच्या आम्लामुळे बोटं आंबट होतात, मी चाटतो, सगळेच चाटतात. जुनी माणसं रात्री पिकावर कापड पसरून पहाटे ते पिळून आंब काढायची, पोटदुखीवर द्यायला. एकदा असाच बसलो होतो तर बांधावरून जाणाऱ्या आजी म्हणाल्या, "काय देखी ऱ्हायना रे भाऊ, काही हरायनं का?" फूल बघतोय म्हटलं तर हसल्या, पण थांबून त्यांनीही वाकून बघितलं.

बांधावर भुईरिंगणी. हिला कोणी लावत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, पानालाच दोन्ही बाजूंनी काटे, मग कोण खाणार. पण फूल काय सुरेख, पाच कोनांचं जांभळं आणि मधे पिवळेधमक पुंकेसर. ही वांग्याचीच सख्खी भावकी. भरताच्या वांग्याने टाकून दिलेला रंग हिने बांधावर सांभाळलाय असं मला उगाच वाटतं. रुई पण आहे, तिचा जांभळा फिका, शनिवारी मारुतीच्या गळ्यात जातो तेवढ्यापुरता लोकांना दिसतो.

सातपुड्याचा संध्याकाळचा जांभळा मी मोजत नाही. फोटो सगळे त्याचेच टाकतात, चोपड्याहून बघा की यावलहून, दिसतो भारीच, पण जवळ गेलं की सागाची पानं आणि दगड, रंग गायब. हातात येत नाही तो कसला आपला.

हातात येणारा सगळ्यात मोठा जांभळा रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत लटकतो, केळफूल. थंडी वाढली, पारा दहाच्या खाली गेला की केळी सुस्तावते, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं, शेतकऱ्याचा जीव टांगणीला, अशा वेळी मी रंग बघत फिरतो म्हणून मामेभाऊ वैतागतो. त्याचंही बरोबर आहे. घडाच्या फण्या पुऱ्या झाल्या की तो केळफूल मोडून टाकतो, उगाच त्याला पोसत बसायचं नाही, ताकद घडाला मिळाली पाहिजे. त्या मोडलेल्या फुलावर पांढुरकी पावडर असते, अंगठा फिरवला की खालून गडद, ओला वाटणारा जांभळा निघतो आणि पाकळी उचलली की आत चक्क लाल. मी दोन-तीन पिशवीत घालून आणतो. बायको आधी हाताला तेल लावायला लावते, चिकाने बोटं काळी होतात म्हणून, मग जांभळ्या पाकळ्या सोलून बाजूला काढायच्या आणि भाजी होते ती आतल्या फिक्या भागाची, करड्या रंगाची, पण भाकरीबरोबर एक नंबर लागते.