भेडाघाटच्या नावाखाली

जबलपूरला दोन दिवस राहून भेडाघाट न बघता परत आलेला माणूस तुम्हाला सहसा भेटायचा नाही. मी आहे. बायकोने बघितला. संगमरवरी कड्यांमधून नावेतून फिरली, नावाड्याची यमकं जुळवलेली कॉमेंट्री ऐकली, धुआंधार धबधब्याचे तुषार अंगावर घेऊन आली. मी त्या वेळी गुरंदी बाजारात एका भंगारवाल्याच्या दुकानामागे उकिडवा बसून लोखंडाच्या ढिगात हात घालत होतो. आणि खरं सांगतो, तिला नाशिकहून निघताना "भेडाघाटला जाऊ" असंच सांगितलं होतं.

माझ्याकडे जोंगा आहे. पेट्रोल. १९८६ची. निसानच्या पेट्रोल गाडीचा परवाना घेऊन आपल्या लष्करासाठी जबलपुरात बनवलेली ही गाडी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, यातली अक्षरं उचलून नाव पडलं जोंगा. निसानवाल्या गाडीचं नाव 'पेट्रोल' (Patrol, गस्तवालं), वर ती चालतेही पेट्रोलवर, त्यामुळे समजावताना नेहमी गोंधळ होतो, तो सोडा. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी. लिटरला चार-पाच किलोमीटर देते, तेही मूड असेल तर. म्हणूनच बहुतेक लोक ही गाडी घेतली की पहिल्यांदा तिचं इंजिन उतरवतात आणि कुठलं तरी डिझेल बसवतात. इंजिन गेलं की त्याच्याबरोबर त्याची हवा गाळणारा एअर क्लीनर भंगारात जातो. माझं दुखणं तिथून सुरू होतं.

माझ्या गाडीचं इंजिन मूळचं आहे, पण आधीच्या मालकाने त्यावर कुठल्या तरी छोट्या गाडीचा कागदी फिल्टर क्लॅम्प आणि एम-सील लावून डकवला होता. मूळ ऑइल बाथ, म्हणजे धूळ तेलात पकडणाऱ्या एअर क्लीनरपैकी टूलबॉक्समध्ये उरलं होतं फक्त वरचं झाकण आणि त्याचा विंग नट. खालचा तेलाचा बाऊल नाही, आतली जाळी नाही. म्हणजे देवाचा मुकुट आहे, देव नाही.

कुर्ल्यात फिरलो, पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार घालवले. एकाने पैसे आगाऊ घेऊन पार्सल पाठवलं, उघडलं तर ट्रॅक्टरचा ऑइल बाथ. ट्रॅक्टरचे मिळतात म्हणा अजून, खोऱ्याने मिळतात, आणि प्रत्येक दुकानदार शपथेवर सांगतो की "हाच बसतो साहेब." त्यात २०१९ मध्ये धोनीने जोंगा घेतली. तेव्हापासून ज्याच्याकडे जोंगाचा गंजलेला बिजागर आहे तोही "धोनीवाली गाडी का है" म्हणून भाव सांगतो. क्रिकेटवर माझा राग नाही, पण या बाबतीत थोडा आहे.

शेवटी ठरवलं, माहेरीच जाऊ. गाडीच्या माहेरी.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नाशिकरोडला बसलो, इटारसीनंतर जाग आली. स्टेशनजवळचं हॉटेल घेतलं ही चूक, लग्नसराई होती आणि रात्री एकपर्यंत प्रत्येक वरात आमच्याच खिडकीखाली नाचायला थांबत होती. खव्याची जिलबी खाल्ली, काळपट, जड, गुलाबजामची मावसबहीण. एक पुरे. मी तीन खाल्ल्या.

सकाळी रिक्षावाला म्हणाला, "काय बड्डे, कहाँ चलना है?" मी आनंदाने मराठीत सुरू झालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. जबलपुरी बोलीत 'काय' म्हणजे 'काय हो, का हो' यांच्या मधलं काहीतरी आणि 'बड्डे' म्हणजे भाऊ, मित्रा, हे मला बायकोने फोनवर शोधून सांगितलं. पुढचे दोन दिवस ती मला घरातही बड्डेच म्हणत होती.

तिला भेडाघाटच्या गाडीत बसवून दिलं. "दोन तासांत येतोच मागून," म्हणालो.

गुरंदीत पहिल्या दोन दुकानांत ट्रॅक्टर. तिसऱ्यात मालक काही न बोलता मागच्या बोळात घेऊन गेला आणि एका ढिगाकडे बोट दाखवून गल्ल्यावर जाऊन बसला. चाळीस मिनिटं. रेडिएटर, स्प्रिंगची पानं, बरण्या, एक पंखा, पुन्हा रेडिएटर. आणि मग तळाशी पालथा पडलेला एक गोल बाऊल, मातीने माखलेला. नखाने मातीची खपली काढली. खाली ऑलिव्ह हिरवा रंग, लष्कराचा.

त्यात जाळीही होती. म्हणजे असावी, कारण आत कुंभारमाशीने संपूर्ण वसाहत बांधली होती. मी झाकणाचा व्यास नाशिकहूनच पुठ्ठ्यावर कापून आणला होता. तो बाऊलच्या तोंडावर ठेवला. बसला. चेहरा शक्य तितका पडलेला ठेवून गल्ल्यावर गेलो, पण भंगारवाल्याला चेहरे वाचता येतात. साडेचार हजार म्हणाला. अठ्ठावीसशेला तुटलं. गेल्या पंचवीस वर्षांत मी बायकोसाठी एकदाही अठ्ठावीसशेची वस्तू पाच मिनिटांत घेतलेली नाही, हे मला तिथेच जाणवलं होतं. तरी घेतली.

"पक्का जोंगाचाच ना?" मी पैसे दिल्यावर विचारलं. हा प्रश्न नेहमी आधी विचारायचा असतो. तो म्हणाला, मला काय माहीत. इंजिन तर लष्कराच्या वन टन गाडीलाही तेच असायचं. रांझीला एक बाबूजी राहतात, व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, त्यांना दाखवा.

रांझी म्हणजे कारखान्यांच्या बाजूचं उपनगर. इथे कुणाचे ना कुणाचे वडील फॅक्टरीतच असतात, त्यामुळे बाबूजींचं घर सापडायला दोन चहाच्या टपऱ्या पुरल्या. अंगणात खाट, लिंबाचं झाड, खाटेवर पांढऱ्या बनियनमधले पंचाहत्तरीचे गृहस्थ. मी पिशवीतून बाऊल काढला. त्यांनी 'बसा' म्हणायच्या आधी तो हातात घेतला, पालथा केला, कडेवरून अंगठा फिरवला. "जोंगा," म्हणाले. मग पोच्यावर बोट ठेवलं, "ये हमारे यहाँ का नहीं है." म्हणजे पोचा बाहेरच्या जगाने पाडलाय, फॅक्टरीने नाही, ही नोंद व्हावी.

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की नाशिकहून खास यासाठी आलोय. त्यांनी शांतपणे विचारलं, "पेपर क्यों नहीं लगा लेते?"

इतक्या लांबून देवळात यावं आणि पुजाऱ्यानेच विचारावं, घरी देव्हारा नाही का, तसं झालं.

"पेपर अच्छा छानता है," ते म्हणाले. मग सुनेला हाक मारून बशी आणि कप मागवला. बशीत पाणी ओतलं, कप त्यावर अधांतरी पालथा धरला. हवा वरून खाली येते, तेलाजवळ आली की तिला एकदम उलटं वळून वर जावं लागतं. "हवा मुड़ जाती है. धूल नहीं मुड़ पाती." जड धूळ सरळ तेलात पडते. हवेच्या झोताने तेलाचे शिंतोडे उडून जाळी ओली राहते, उरलेली धूळ तिला चिकटते आणि तेलाबरोबर पुन्हा खाली येते. पण इंजिन आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं चालू असताना हवा संथ असते, तेव्हा बारीक धूळ वळायला शिकते आणि आत जाते. कागद तिलाही अडवतो. मग लष्कराने कागद का नाही वापरला? "रेगिस्तान में कागज़ कहाँ से लाओगे? तेल तो गाड़ी में है ही." घाणेरडं तेल ओता, बाऊल पुसा, इंजिनचंच तेल घाला, निघा.

पंधरा वर्षं मी लोकांना ऑइल बाथचं श्रेष्ठत्व पटवतोय. ज्याने ते बसवले त्याला बशीभर पाण्यात माझं मत बुडवायला दोन मिनिटं लागली.

मग मला का हवा होता तो? मी त्यांना खरं सांगितलं. आवाजासाठी. कागदी फिल्टरवर ही गाडी घसा बसल्यासारखी श्वास घेते. मूळ क्लीनरवर तिचा आवाज छातीतून येतो असं म्हणतात, मी तो कधी ऐकलेला नाही. बाबूजी हसले नाहीत. उठले, तुपाचा रिकामा डबा आणला, मोटरसायकलवाल्या नातवाला डिझेल आणायला पिटाळलं आणि जाळी त्यात बुडवली.

पुढचा दीड तास आम्ही ती जाळी धुतली. कुंभारमाशीची घरं भिजून ढेकळांनी बाहेर पडत होती. मी काडी घालून टोकरायला लागलो तर हातावर चापट बसली. तारांचा गुंता मोडतो, खड्डा पडतो, मग हवा तिथूनच जाते. भिजवायचं, हलवायचं, थांबायचं. थांबताना ते बोलत होते. बाहेर ठोकलेले क्लीनर, गाडीच्या आधी निवृत्त झालेले मित्र, १९९९ मध्ये जोंगा बंद झाली ते, आता फॅक्टरीचं नावही कुठल्या निगमाखाली गेलंय ते. फोनवर मी माझ्या गाडीचा फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा करत करत बॉनेटच्या हुकावर नेला आणि म्हणाले, हा उलटा लावलाय. रंगाबद्दलही नाराज दिसले. मी सांगितलं, ऑलिव्ह हिरवा सामान्य माणसाला लावता येत नाही, नियम आहे, म्हणून मी करडा दिला. "हाँ, वो तो है," म्हणाले, पण पटलं नव्हतं.

"गाड़ी क्यों नहीं लाए?"

मी पेट्रोलचा हिशेब सांगितला. नाशिक ते जबलपूर, लिटरला चार. ते मान हलवत राहिले. मग जाळीतलं डिझेल झटकत म्हणाले, बनवल्या खूप, चालवली कधी नाही. चालवून बघणारे वेगळे असायचे. गेटबाहेर जोंगात बसलो तो एकदाच, शेजाऱ्याच्या वरातीत, मागे, उभा.

यावर काय बोलायचं असतं मला माहीत नाही. मी डबा हलवत राहिलो.

सुनेने जेवायला थांबायला सांगितलं. मी आपल्या पद्धतीने "नको नको" केलं. आपल्याकडे "जेवूनच जा" हे पाहुण्याने चपला घातल्यावर म्हणतात आणि त्याने "पुढच्या वेळी नक्की" म्हणायचं असतं, हा करार दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. इथे ताट आधीच वाढलेलं होतं. डाळ, भात, बटाट्याची रस्सा भाजी, आणि डिझेलचा वास येणारे माझे हात. तीनदा साबण लावून गेला नाही.

जेवणानंतर मी टॉवेलात गुंडाळलेलं झाकण काढलं (तो चांगला टॉवेल होता, हे नंतर कळलं). बाबूजींनी जाळी बसवली, झाकण ठेवलं, विंग नट दोन बोटांनी फिरवला आणि शेवटची एक आटी सोडून दिली. "इतना ही. प्लास मत लगाना." तेल आतल्या रेषेपर्यंत, वर थेंब नाही, नाहीतर इंजिन ते पिऊन निळा धूर सोडेल. मी पैशांचा विषय काढला तेव्हा ते खाटेवर आडवे झाले.

हॉटेलवर पोचलो तर बायको तोंड धुऊन, आवरून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "बड्डे," म्हणाली, "दोन तास?"

परतीच्या गाडीत बाऊल माझ्या उशाशी होता. वरच्या बर्थवरच्या काकांनी रात्रीत दोनदा विचारलं की कुठे काही गळतंय का.

घरी येऊन बसवला. बाऊल अजून ऑलिव्ह हिरवाच आहे, बॉनेटखालचा, तो तसाच ठेवणार. सकाळी गाडी चालू केली, दोन मिनिटांचा व्हिडिओ केला आणि बाबूजींच्या सुनेच्या नंबरवर पाठवला. आवाज? येतो. छातीतूनच.

संध्याकाळी व्हॉइस मेसेज आला, बाबूजींचा. चार शब्द. "आइडल ज़्यादा है. घटाओ."

स्क्रू पाव फेरा मागे घेतला, पुन्हा व्हिडिओ पाठवला. निळ्या टिका आल्या. उत्तर नाही. म्हणजे बरोबर असावं.