माती कोणती हाय वं?

घराचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले तेव्हा आईने विचारलं, "एवढ्या घराची झाडलोट कोण करणार?" भावाने विचारलं, "केवढ्याला?" आणि बाबांनी खामगावहून फोनच केला. "माती कोणती हाय वं तिकडची?"

तेव्हा मी हसले होते.

घर अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या ग्रीन्सबरोत आहे. जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं गाव, एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना विटांची जुनी दुकानं. नवऱ्याची नोकरी टस्कलूसात, गाडीने पाऊण-एक तास. तिथल्या नव्या वसाहतींत जे मागत होते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात हे मिळालं: 84,000 डॉलर. 1890च्या आसपासचं लाकडी, एकमजली घर. मधोमध पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार जाणारा रुंद बोळ, बारा फुटांवर छत, आणि जमिनी लाँगलीफ पाईनच्या लाकडी फळ्यांच्या. ते जंगल आता फारसं उरलेलंच नाही, त्यामुळे ही फळी नवी घ्यायला गेलात तर दर ऐकून बसाल.

एवढं स्वस्त का? कापूस. हा सगळा पट्टा गुलामांच्या घामावर पिकला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याने बसवला. (आपली बोंडअळी वेगळी. शिव्या मात्र तिकडच्या-इकडच्या सारख्याच असणार.) माणसं उत्तरेकडच्या शहरांत गेली, शेतांची कुरणं झाली, नंतर कॅटफिशची तळी. घरं मागे राहिली.

यातली गंमत मला बाबांनी सांगितली. 1861 ते 1865 इथे यादवी चालू होती, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. म्हणजे यांचं अडलं म्हणून आमचं चाललं, आणि आता त्यांच्या पडक्या घरात मी.

पडकं म्हणजे किती, ते इन्स्पेक्टरने दाखवलं. घर विटांच्या बुटक्या खांबांवर उभं आहे, खाली माणूस सरपटत जाईल एवढी जागा. तो टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेला. मी बाहेर ओणवी होऊन बघत होते. तो दर दोन फुटांवर तुळईला टोचत चालला होता: टक्, टक्, टक्. मग आवाजच आला नाही. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता, लोण्यात जावा तसा. वाळवी. मागच्या कोपऱ्यातली अकरा फूट तुळई आतून कागद झाली होती.

अलाबामात जुन्या घराच्या बाबतीत कायदा मोठ्या प्रमाणात विकणाऱ्याच्या बाजूचा. आरोग्याला धोका असेल किंवा तुम्ही थेट विचारलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर डोळे उघडे ठेवणं तुमचं काम. 1978च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो हे मात्र केंद्राच्या कायद्याने कळवावंच लागतं, तेवढं पत्रक मिळालं. तुळईबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यामुळे तुम्ही कोणी या वाटेला जाणार असाल तर वाळवीचा प्रश्न लेखी विचारा. मी विचारला नव्हता.

दुसरा धक्का विम्याचा. माळ्यावर चिनी मातीच्या खुंट्यांवरून ओढलेली जुनी वायर निघाली. एका कंपनीने फोटो बघून दहा मिनिटांत नकार दिला. विमा नाही तर कर्ज नाही. वायरिंग बदलायला 13,600 डॉलर गेले, आणि ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवरची जी 20 टक्के करसवलत मी आधी धरून बसले होते ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींसाठी आहे, स्वतः राहायच्या घराला नाही, हेही तेव्हाच कळलं. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नाव असण्याचा रुबाब आहे. त्याने भिंत उभी राहत नाही.

आणि मग ऑगस्टमध्ये स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला.

गावाच्या दक्षिणेला काळी जमीन लागते. इथे त्या पट्ट्याला ब्लॅक बेल्टच म्हणतात. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. आमचं घर तिच्या काठावर. साडेचारशे डॉलर घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेला आणि म्हणाला, उन्हाळ्यात रुंदावेल, ओल धरली की मिटेल, लक्ष ठेवा. बाबांनी हेच फुकट सांगितलं होतं. वर, "पागोळ्याचं पाणी घरापासून लांब काढ" हेही. पन्हळं लावली त्याने खरंच फरक पडला.

शेजारच्या बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. पहिल्या आठवड्यात पाय घेऊन आल्या. तो गोड भरलेला पाय, रताळ्याचा. पुढच्या दारात थबकल्या. त्यांची आई या घरी धुणं-इस्त्री करायची. आई आणि या बाई, दोघी कायम मागच्या दाराने येत. याच गावात एका छोट्या घरात मार्च 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीपासून लपवलं होतं, त्यांचा खून होण्याच्या दोनच आठवडे आधी. ते घर आता संग्रहालय आहे. बाईंनी ते सांगितलं वाटेत दिसलेल्या दुकानाबद्दल सांगावं तसं. मग मागच्या खोलीतल्या खिडकीकडे बोट केलं. "ती उघडत नसे. आई तिथेच इस्त्री करायची, जूनमध्ये."

ती खिडकी मी या मे महिन्यात सोडवली. रंगाचे थर सुरीने कापले, चौकटीतली झडप काढली, तर आत कुजलेल्या दोरीचा तुकडा आणि तळाशी पडलेलं लोखंडी वजन, हातभर लांब, काकडीसारखं. नवी सुती दोरी कप्पीवरून ओवली, वजनाला गाठ मारली. आता एका बोटाने वर जाते. बाईंना बोलावलं. त्यांनी ती दोनदा वर-खाली केली आणि म्हणाल्या, जाळी बसव, डास येतील.

तड्याच्या टोकाला मी दर महिन्याला पेन्सिलने रेघ मारते, बाजूला तारीख, आणि फोटो बाबांना पाठवते. त्यांनी वहीत तक्ता केलाय. जुलैची रेघ राहिली आहे, काल त्यांचा दोनदा मिस्ड कॉल होता.