पुढच्या आठवड्यात सभागृहात काय?
आज शुक्रवार. अधिवेशन चालू असलं की लोकसभेत साधारण आजच संसदीय कार्यमंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज वाचून दाखवतात. मग एकेक खासदार उठतो, ‘माझे हे विषय त्यात घ्या’ म्हणतो. कुणाचा रखडलेला रेल्वेमार्ग, कुणाचा पीकविमा. ऐकायला बरं वाटतं, पण ही नुसती विनंती असते. मंत्र्यांवर बंधन काही नाही.

खरी वाटाघाट आधीच झालेली असते, कामकाज सल्लागार समितीत. अध्यक्ष धरून १५ सदस्य, अध्यक्षस्थानी स्वतः लोकसभाध्यक्ष. कुठल्या विधेयकाला किती तास, ते तिथं ठरतं. आपल्या पक्षाचा माणूस त्या बैठकीत गप्प बसला, तर नंतर सभागृहात घसा कोरडा करून फारसं हाती लागत नाही.

घोळ होतो तो पुरवणी कार्यसूचीने, म्हणजे दिवसाच्या कामकाजाच्या यादीला नंतर जोडलेल्या यादीने. सकाळी छापील यादीत नसलेलं विधेयक दुपारी अचानक येतं. लोकसभाध्यक्षांच्या निर्देशांपैकी निर्देश १९ब सांगतो की विधेयकाच्या प्रती मांडण्याच्या दोन दिवस आधी सदस्यांना मिळाव्यात. पण मंत्र्याने कारणं लेखी दिली की अध्यक्ष सूट देऊ शकतात. म्हणून आक्षेप घ्यायचा तर ‘घाई कशाला’ एवढं पुरत नाही. प्रत कधी मिळाली, सूट कुठल्या कारणाने दिली, हेच नेमकं विचारायचं. आणि तेही मांडणीच्या वेळीच! एकदा चर्चा सुरू झाली की तो मुद्दा कोण ऐकतो?