तक्ता 4.3 आणि आमच्या वाड्यातली विहीर

बडोद्यातल्या आणि आसपासच्या चोवीस ठिकाणचं पाणी मी दोनदा बाटल्यांत भरलं, एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. बारा विहिरी, बारा बोअर. त्यातली एक विहीर दांडिया बाजारातल्या आमच्याच वाड्यातली. पाणी तपासताना हाल झाले ते झालेच, पण ते आकडे कागदावर मांडताना जास्त झाले.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणाचा पहिला खर्डा घेऊन गाइड मॅडमकडे गेले, तेव्हा तक्ता 4.3 वर माझा फार जीव होता. आडवं पान, चोवीस ओळी, तेरा रकाने, मुंगीएवढं अक्षर. टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ), हार्डनेस, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, जे जे मोजलं ते सगळं हजर. मॅडमनी पान जवळ धरलं, मग लांब धरलं.

"यात मी काय बघायचं?"

"पावसानंतर विहिरींचा टीडीएस उतरलाय. बोअरचा जवळपास तेवढाच राहिलाय."

"छान. आणि ते इथे कुठे दिसतंय?"

कुठेच दिसत नव्हतं. पावसाळ्याआधीचे आकडे 4.3 मध्ये, नंतरचे 4.4 मध्ये आणि मधे तीन पानं मजकूर. वाचणाऱ्याने एक बोट इथे, एक बोट तिथे ठेवून मनात वजाबाकी करायची. ओळीही नमुना क्रमांकानुसार, म्हणजे माझी स्कूटर ज्या क्रमाने फिरली त्या क्रमाने. त्या क्रमाशी वाचणाऱ्याचा काय संबंध?

ते तेरा रकान्यांचं जाळं परिशिष्टात गेलं. प्रकरणात 4.3 म्हणून नवा तक्ता आला: वर विहिरी, खाली बोअर, शेजारी शेजारी 'आधी', 'नंतर' आणि 'फरक', ओळी टीडीएसच्या क्रमाने. तळाला पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची, आयएस 10500 ची, टीडीएसची मर्यादा, लिटरमागे 500 मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000. एकक एकदाच, रकान्याच्या डोक्यावर. एक्सेलमधून उचललेल्या उभ्या रेघा काढल्या, फक्त तीन आडव्या ठेवल्या: डोक्याच्या वर, डोक्याच्या खाली आणि तळाला. पान एकदम मोकळं झालं.

मग दशांशांची पाळी. माझा एक आकडा होता 812.3333. मीटर पूर्णांक दाखवतो. तीन वेळा वाचलं, 812, 813, 812, आणि सरासरी काढताना एक्सेलने पुढचे तिघे-चौघे फुकट दिले. मी तेही मनोभावे छापले. मॅडम म्हणाल्या, "मीटरला जे दिसलं नाही ते तुला कसं दिसलं?" याच्या उलट घोळ नायट्रेटमध्ये. जिथे यंत्राला काही सापडलं नाही तिथे मी सरळ शून्य लिहिलं होतं. सापडलं नाही आणि नाहीच आहे, यांत फरक असतो. तिथे 'मोजमाप-मर्यादेखाली' लिहून मर्यादा किती ते तळटीपेत दिलं. एका बोअरची बाटली माझ्याच हातून फुटली होती, तिथे आडवी रेघ आणि तिचीही टीप. रिकामी जागा मात्र कुठेच ठेवली नाही, कारण ती पाहून परीक्षक वाटेल तो अर्थ काढतो.

आकृत्यांची तर वेगळीच रामकहाणी. आधी रंगीत, त्रिमितीय स्तंभ केले होते, बर्फीचे तुकडे रचल्यासारखे. तसे स्तंभ मागे झुकतात, त्यामुळे टोक कुठल्या आकड्याला टेकलंय ते कळतच नाही. ते सपाट केले. एक पाय चार्टही होता, वर्तुळाच्या फाकांचा. तो काढताना जीव हळहळला, पण क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोग करून दाखवलंय की माणसाचा डोळा एका पट्टीवरची जागा अचूक ओळखतो आणि कोन ओळखताना चुकतो. त्यांच्या पुढे मी काय बोलणार!

खरी चूक पकडली बाबांनी. त्यांनी आयुष्यभर एका पेढीत खातेवह्या लिहिल्या. जेवणं झाल्यावर टेबलावर पडलेला कागद त्यांनी उचलला.

"आपल्या विहिरीचं हे असं झालं? पाऊस पडल्यावर निम्म्याहूनही कमी?"

"नाही हो बाबा. 812 चं 744."

त्यांनी फूटपट्टी आणून दोन्ही स्तंभ मोजले आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. उभा अक्ष 700 पासून सुरू झाला होता, एक्सेलने आपल्या मनाने ठरवून. म्हणजे एक स्तंभ 112 चा, दुसरा 44 चा. घट आठेक टक्क्यांची, चित्रात मात्र साठ टक्क्यांची. स्तंभाची लांबी हाच आकडा असतो, म्हणून तो शून्यापासूनच उभा राहायला हवा. शून्यापासून काढल्यावर फरक केविलवाणा दिसायला लागला. शेवटी स्तंभ सोडून ठिपके घेतले: प्रत्येक विहिरीचे आधी-नंतरचे दोन, मधे एक रेघ. ठिपक्यांना शून्याची सक्ती नसते, त्यांची फक्त जागा बघायची असते. विहिरी एका चौकटीत, बोअर शेजारच्या, अक्ष दोन्हीकडे सारखा. डावीकडच्या बहुतेक रेघा उतरत्या, उजवीकडच्या आडव्या. मी मॅडमना तोंडी सांगितलेलं वाक्य अखेर कागदावर आलं.

सरासरीच्या आकृतीत वर-खाली मिशा होत्या, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा. त्या प्रमाण विचलनाच्या (नमुने एकमेकांपासून किती विखुरलेत) की प्रमाण त्रुटीच्या (काढलेली सरासरी किती डळमळीत आहे), हे मी लिहिलं नव्हतं. खरं सांगते, मुद्दाम नव्हतं लिहिलं. बारा नमुन्यांवर प्रमाण त्रुटी विचलनाच्या साडेतीन पट लहान येते, मिशा छोट्या होतात आणि काम नीटनेटकं दिसतं. याच कामावरचा लेख एका नियतकालिकाकडे पाठवला होता, तिथल्या परीक्षकाने पहिलाच प्रश्न हा विचारला. आता मिशा विचलनाच्याच आहेत, लांबलचक, आणि आकृतीखाली नमुने किती तेही लिहिलंय.

सयाजीगंजात प्रिंट काढायला गेले तेव्हा पैसे वाचवायला काळ्या-पांढऱ्या प्रती मागितल्या. दुकानातला मुलगा पान बघून म्हणाला, "बेन, आमां तो बधी लाइन सरखी देखाय छे." लाल आणि हिरवा, दोन्ही एकाच करड्या छटेचे. परत घरी. एक रेघ सलग, एक तुटक, ठिपके एकीकडे भरीव, एकीकडे पोकळ. तेव्हाच कळलं की लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या वाचकाला माझा मूळ आलेख असाच दिसला असता.

क्रमांकांचा गोंधळ थोडक्यात सांगते. सगळे हाताने टाकले होते. मधे एक आकृती वाढली आणि 'आकृती 4.6 वरून घट स्पष्ट होते' या वाक्यासमोर विश्वामित्री नदीच्या काठावर पहुडलेली मगर आली. वर्डमध्ये क्रमांक आपोआप बसवायची सोय असते. शेवटी सगळं निवडून एफ 9 दाबलं की झालं. हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं.

बांधणीला द्यायच्या आदल्या रात्री बाबांनी पुन्हा तक्ता 4.3 मागितला. पहिल्या खर्ड्यात आपली विहीर शोधायला मलाच वेळ लागला होता. त्यांनी सेकंदात बोट ठेवलं.

"विहिरींत तळातून तिसरी. म्हणजे चांगली की वाईट?"

शीर्षकात ते नव्हतं. 'वरून खाली टीडीएस वाढत जातो' एवढी ओळ घातली आणि सकाळी ते एक पान पाचही प्रतींसाठी पुन्हा छापून आणलं.

"मग वाईट," बाबा म्हणाले आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगं, पिण्याला नळाचंच घेत जा."