लिंबाचे चार थेंब

पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. अंधेरीच्या आमच्या काउंटरवर येतात ते नमुने सोसायट्यांच्या टाक्यांचे, हॉटेलांचे, बोअरवेलचे. त्या मंगळवारी एक विशीतला मुलगा आला आणि सॅकच्या कप्प्यातून अर्धी भरलेली बाटली काढून त्याने माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, आम्ही क्लोरीनच्या गोळ्या टाकूनच पाणी प्यायलो होतो. तरी सात जण आजारी पडलेत. गोळ्या नकली असतील का?"

शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडून अकरा जण गडावर गेले होते. शनिवारी दुपारी टाक्यातलं पाणी भरलं. रविवारी रात्रीपासून जुलाब, उलट्या. दोघांना सलाईन लावावं लागलं होतं. सांगताना त्याचा आवाज कापत होता, कारण ट्रेक त्यानेच ठरवला होता.

नियमाने तो नमुना मी घ्यायला नको होता. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते. ही तर तीन दिवस सॅकमध्ये फिरलेली. तरी झाकण उघडलं, आणि आंबूस वास आला.

"यात काय घातलं होतं?"

"लिंबू, साखर, मीठ. गोळीचा वास सहन होत नाही ना."

"कधी घातलंत?"

"गोळी विरघळली की लगेच. पण मग अर्धा तास थांबलो, मॅडम. पाकिटावर लिहिलंय तसं."

मी त्याला विचारलं, बरे राहिले ते चौघे काय प्यायले? तो थोडा वेळ गप्प झाला. त्यांनी सरबत घेतलंच नव्हतं. त्याच टाक्याचं, त्याच गोळीचं, पण साधं पाणी.

आमच्या नमुन्याच्या बाटलीत आम्ही आधीच सोडियम थायोसल्फेट घालून ठेवतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वाटेत जंतू मारत राहू नये, तिथल्या तिथे थांबावा, म्हणून. लिंबातलं क जीवनसत्त्व नेमकं हेच काम करतं. जे मी रोज मुद्दाम करते, ते या मुलांकडून नकळत झालं होतं.

त्याच्या बाटलीत क्लोरीन शोधण्यात अर्थ नव्हता, इतक्या दिवसांत तो एरवीही उडून गेला असता. म्हणून त्याच्याच पाकिटातली एक गोळी लिटरभर पाण्यात विरघळवली. आमच्या लॅबमधल्या मामांनी डब्यातली लिंबाची फोड दिली. दोन परीक्षानळ्या भरल्या, एकीत लिंबाचे चार थेंब पिळले, मग दोन्हींत ओटीचं, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं द्रावण टाकलं; क्लोरीन असला की ते पिवळं होतं. पहिली नळी हळदीच्या पाण्यासारखी पिवळी झाली. दुसरी पाण्यासारखीच राहिली. गोळी अस्सल होती.

मुलगा ती बिनरंगी नळी उजेडाकडे धरून बघत राहिला. त्या सातजणांना त्यामुळेच झालं, हे छातीठोकपणे मी सांगू शकत नव्हते आणि सांगितलंही नाही. पण या गोळ्या विकणाऱ्या दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. संत्र्याच्या चवीच्या पावडरीतही बहुधा क जीवनसत्त्व असतंच, आणि ती तर प्रत्येकाच्या सॅकमध्ये असते.

बाकीचंही त्याला कागदावर लिहून दिलं. पाणी आधी सुती फडक्यातून गाळायचं, कारण गढूळपणाच क्लोरीन खाऊन टाकतो. गार पाण्याला अर्धा तास पुरत नाही, जास्त थांबायचं. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या गोळीला दाद देत नाही. जिथे गुरं टाक्यापर्यंत येतात तिथे स्टोव्ह पेटवून पाणी खळखळून उकळायचं.

त्याने दोन्ही नळ्यांचा फोटो काढून तिथूनच ग्रुपवर टाकला. लगेच कोणीतरी विचारलं, म्हणजे लिंबू घालायचंच नाही का?

"घाला की," मी म्हटलं, "पण अर्धा तास पुरा झाल्यावर. तेव्हा वासही जातो."